खाटेखालचा पिवळा पट्टा

मांडवाच्या धंद्यातला माणूस परक्या ठिकाणी बसण्याआधी खुर्चीच्या खाली हात घालून बघतो. आमच्यात माल एकमेकांकडे फिरत असतो. लग्नांच्या दाट तिथीला एकाच्या खुर्च्या दुसऱ्याच्या मांडवात जातात, आणि परत घेताना भांडण नको म्हणून प्रत्येकाने आपल्या मालाला खालून रंगाची खूण केलेली असते. माझी खूण पिवळा पट्टा आणि त्यावर दोन तांबडे ठिपके. धायरीत आमची शेती होती तिथे आता इमारती आहेत. वाटण्या झाल्या तेव्हा माझ्या वाट्याला एक पत्र्याचं गोडाऊन आलं. पुढचं सगळं मी स्वतः उभं केलं.

मुलगी सहा वर्षांची असताना एका डॉक्टरांच्या घरचं लग्न घेतलं होतं. तीन दिवस पाठ टेकली नव्हती. शेवटची पंगत उठली तेव्हा मागच्या रांगेत मुलीला मांडीवर घेऊन जरा बसलो. डॉक्टर आले.

"अहो, खुर्च्या पाहुण्यांसाठी आहेत."

"खुर्ची माझीच आहे, डॉक्टर."

"आज नाही. आज ती मी भाड्याने घेतली आहे."

मी उठलो. एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही, पण मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला डॉक्टर करायचं हे मी त्याच दिवशी ठरवलं. तिलाही पुढे ते मनापासून आवडलं, हे माझं नशीब.

प्रवेशाच्या पहिल्या फेरीत तिला एक खाजगी मेडिकल कॉलेज लागलं. पुण्यापासून तासाभरावर, नवीन, स्वतःचं हॉस्पिटल असलेलं. जागा पक्की करायला बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंतची मुदत. पक्की केली की पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. सोडली तर पुढच्या फेरीत लांबच्या जिल्ह्यातलं एखादं सरकारी कॉलेज लागण्याची शक्यता होती. नुसती शक्यता. नाही लागलं तर वर्ष वाया.

सोमवारी मी एस्टिमेटच्या वहीतला कागद पालथा घालून मधोमध रेघ मारली. घ्यायचं, या बाजूला: घराजवळ, दर रविवारी घरी येईल, इमारत चकचकीत, जागा हातात आहे. सोडायचं, या बाजूला: फी भरमसाट, नाव कुणी ऐकलेलं नाही, शिकवणारे कोण ते माहीत नाही.

मुलीने पेन घेतलं आणि दुसऱ्या बाजूला लिहिलं, 'पेशंट किती?'

"सरकारीत एकेका खाटेवर दोन-दोन पेशंट असतात, बाबा."

"मग? त्यात चांगलं काय आहे?"

"मला शिकायला तेच हवेत."

बायको भाजी निवडत होती. "अहो, जायचंय तिला. तिचं तरी ऐका," ती म्हणाली. मी म्हणालो, आधी माल बघू.

माल बघायला जाताना सांगून जायचं नाही, हा माझा नियम आहे. कॉलेजने फोनवर गुरुवारनंतर यायला सांगितलं होतं. आम्ही मंगळवारीच गेलो. फाटकावर वॉचमनने अडवलं तेव्हा मी छोटा टेम्पो दाखवून "सामान आहे" म्हणालो. त्याने काहीही न विचारता आत सोडलं. इतक्या सहज सोडलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

इमारत खरोखर देखणी होती. भिंतींना नव्या रंगाचा वास येत होता. हॉस्पिटलचा वास कुठेच नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात मात्र सगळ्या खाटा भरलेल्या. पांढऱ्या चादरी, पायथ्याशी कागद लावलेले. मी मुलीकडे बघितलं, म्हणजे घे, हे आहेत तुझे पेशंट.

मग हळूहळू इतर गोष्टी दिसायला लागल्या. कुणी कण्हत नव्हतं. कुणाच्या हाताला सुई नव्हती. दोन बायका एकाच खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या. सगळ्यांच्या चपला एका ओळीत दाराशी होत्या, जशा सप्ताहाला असतात.

मुलगी एका म्हातारीजवळ गेली. "आजी, काय होतंय तुम्हाला?"

म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आजून सांगितलं न्हाई गं कुणी. सांजच्याला सांगणार हायेत."

मुलगी भिंतीकडे वळली. मी शेजारच्या खाटेवर टेकता टेकता सवयीने पट्टीखाली हात घातला. रंगाचा जाड थर बोटांना लागला. वाकून बघितलं. पिवळा पट्टा, दोन तांबडे ठिपके.

आदल्या आठवड्यात आमच्याच धंद्यातल्या एकाने माझ्या चाळीस लोखंडी खाटा नेल्या होत्या. वऱ्हाडाला झोपायला ठेवतो त्या. "आरोग्य शिबिर आहे," एवढंच तो म्हणाला. कशाला, कुठे, हे आम्ही एकमेकांना विचारत नाही. विचारणारा उद्या आपलं गिऱ्हाईक पळवील, अशी भीती असते.

"उद्या कॉलेजची तपासणी आहे, पेशंट मोजणार आहेत," मुलगी म्हणाली. तिने भिंतीवरची सूचना वाचली होती. "बाबा, चला इथून."

तेव्हाच निघायला हवं होतं. पण माझं डोकं तापलं होतं, आणि डोकं तापलं तरी माझ्यात एक दुसरा माणूस असतो, तो हिशेब सोडत नाही. मी मुलीला खाली टेम्पोत बसवलं आणि प्रवेशाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या खोलीत शिरलो. माझ्याच वयाचा, शांत आवाजाचा माणूस.

"तुमच्या वॉर्डात माझ्या खाटा आहेत," मी म्हणालो.

मला वाटलं, घाबरेल. त्याने चहा सांगितला. "परवा मोजून घ्या. एकही कमी पडणार नाही."

"आणि त्यांच्यावरची माणसं?"

"ती तुमची नाहीत ना? मग झालं." तो हसला. "मुलीचा प्रवेश आहे का आपल्या? बसा ना. उभे का?"

त्याने स्वतः उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली. आज लिहिताना कळतं, की त्याला जेवढं जिंकायचं होतं तेवढं तिथेच जिंकून झालं होतं. पुढचा अर्धा तास मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, बाहेर सांगेन म्हणालो. फी ठरलेली होती, तिच्यात काही होत नव्हतं. पण वसतिगृह आणि जेवण शेवटपर्यंत माफ करून घेतलं. वर दरवर्षी खाटा थेट माझ्याकडूनच, मधला माणूस नको, हेही कबूल करून घेतलं. जिना उतरताना मला वाटत होतं, असा सौदा आयुष्यात केला नाही.

टेम्पोत मुलगी म्हणाली, "तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"जागा पक्की केली."

"तुम्ही ते बघितलंत, आणि पक्की केलीत?"

"पुढच्या फेरीत काही लागलं नसतं तर?"

सिंहगड रोड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने तो रेघ मारलेला कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि स्वतःच्या पुस्तकात ठेवला. रडली असती तर मी बहुधा विरघळलो असतो. बुधवारी दुपारीच सगळे कागद भरून झाले.

पहिलं वर्ष पुस्तकांत गेलं. नंतर ती रविवारी यायची तेव्हा मी विचारायचो, काय शिकलीस. "आज वॉर्डात सहा पेशंट होते आणि आम्ही पन्नास जण," ती सांगायची. "एका आजोबांचं पोट सगळ्यांनी दाबलं. शेवटी त्यांनी हात जोडले." ती तक्रार करत नव्हती. नुसतं सांगायची, आणि ते मला जास्त लागायचं. मी चिडून म्हणायचो, पुस्तकं वाच, पुस्तकांत सगळं असतं.

गेल्या वर्षी तपासणीच्या आधी त्याच अधिकाऱ्याचा फोन आला. गावातून येणारी माणसं या वेळी जमत नव्हती. "तुमचा आता सीझन नाही. कामगार रिकामेच असतील. खाटांबरोबर माणसंही पाठवाल का?" दोन दिवस झोपून राहायचं, जेवण वेळेवर. मी चौदा जण पाठवले. त्यात माझा सगळ्यात जुना माणूस होता. गोडाऊनमध्ये पहिला बांबू उतरवला तेव्हापासून माझ्यासोबत असलेला. मुलीला त्याने खांद्यावर घेऊन मांडव दाखवले होते.

दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, काका इथे वॉर्डात आहेत."

"हो. पोट दुखतंय म्हणायला सांगितलंय त्याला. तू आपली काही बोलू नकोस."

"पोटाचंच सांगत होते. डोळा मारला मला. मी गंमत म्हणून छाती तपासली. आत कसलातरी आवाज आहे. दोन ठोक्यांच्या मधे. आणि त्यांच्या पायांना सूज आहे. बोट दाबलं की खड्डा राहतो."

"मग तुमच्या सरांना विचार."

"सर आज सकाळीच आलेत, तपासणीपुरते. म्हणाले, कागदावर पोट लिहिलंय ना, पोटच राहू दे."

"तू नीट ऐकलंस ना?"

"माहीत नाही, बाबा. असा आवाज मी कधी ऐकलाच नाही. पुस्तकात लिहिलाय तसा आहे की नाही, तेही सांगता येत नाही." मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "त्यांना इथे ठेवू नका. शहरातल्या कुठल्याही सरकारी हॉस्पिटलमध्ये न्या. जिथे गर्दी असेल तिथे."

मी टेम्पो काढला. या वेळीही फाटकावरच्याने आत सोडलं, पण माणूस बाहेर न्यायचा नाही म्हणाला, मोजणी व्हायची आहे. मी त्याला काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. अधिकारी खाली आला. एक माणूस कमी झाला तर मुलीच्या वर्षाचं काय, एवढंच त्याने शांतपणे विचारलं. घासाघीस करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मी त्याच्या बाजूने निघून जिना चढलो.

वॉर्डात मुलगी पांढऱ्या कोटात खाटेजवळ उभी होती. हातात खाटेच्या पायथ्याचा कागद, त्यावर तिच्याच अक्षरात 'पोटदुखी'. मला बघून म्हातारा उठला. उठताना धाप लागली, पण सवयीने चादर झटकली आणि खाटेचे पाय दुमडायला वाकला.

"मालक, निघालोच हाय तर खाट बी घेऊ का संगं?"

"राहू दे," मी म्हणालो.

मुलीने त्याचा हात धरला. तिने तो दंडाला नाही, मनगटाशी धरला होता, आणि जिना उतरेपर्यंत तिचे ओठ हलत होते. ती ठोके मोजत होती. मी मागून येत होतो, आणि दर दोन-तीन पायऱ्यांवर ती मोजायची थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होती.