येणार नसेल तर तसं सांगा

नयनावहिनीचा फोन आला तेव्हा मी जामसंड्याच्या घरी भाजी चिरत होते आणि मावशी समोर पाटावर बसून कोकमाची सोलं निवडत होती. विशूदादा, मावशीचा एकुलता एक मुलगा आणि माझा मावसभाऊ, गोव्याच्या इस्पितळात पहाटे वारला, एवढंच वहिनी कशीबशी बोलली. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मावशीने विचारलं, "कोणाचो गो?" मी म्हटलं, "शाळेतसून." आणि भाजी चिरत राहिले… मावशीचं हृदय नाजूक, नुकतीच ती एका दुखण्यातून उठलेली. दादाला गोव्याला नेलं तेव्हा म्हणूनच तिला माझ्याकडे आणून ठेवलं होतं. आता कुडाळला दादाच्या घरी जमलेल्या सगळ्यांचं ठरलं, की दिवसकार्य होईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही. शेजारणीला तिच्या सोबतीला बसवून, ट्रेनिंग आहे असं सांगून मी कुडाळला गेले. माझ्या भावाला शेवटचं पाहून, संध्याकाळी परत येऊन मी मावशीला पेज वाढली.

विशूदादा काय काम करायचा, हे आमच्या नातेवाइकांना कधी नीट कळलंच नाही. मावशी विचारणाऱ्याला सांगायची, "कॉम्पुटरात चित्रां हलयता." तिचं फारसं चूक नव्हतं. मुंबईतली नोकरी सोडून तो कुडाळला परतला, बाजाराजवळ माडीवरची एक खोली घेतली आणि शाळांसाठी प्रोग्राम करू लागला, चित्रं, आवाज, छोट्या फिल्मा एकत्र बांधलेले. सर्वात आधी त्याने आमच्या किनाऱ्यावरच्या माशांचा प्रोग्राम केला. चित्राला बोट लावलं की मासा मोठा होणार, त्याचं नाव ऐकू येणार. मी शिक्षिका, म्हणून नावं वाचायचं काम माझ्याकडे आलं. खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामाने निथळत आम्ही ते ध्वनिमुद्रण केलं. मध्येच तो म्हणायचा, "मास्तरणीसारख्या बोलू नको गो, सुरमय घाबारतली." मला हसू यायचं आणि सगळं पुन्हा करावं लागायचं.

पहिला प्रयोग माझ्याच शाळेत झाला आणि फजिती झाली. चित्रं आणि आवाज प्रोग्रामच्या पोटात कोंबले तर तो जड होतो, म्हणून दादाने त्या फायली बाहेर, वेगळ्या ठेवल्या होत्या. लागतील तशा प्रोग्राम त्या मागवून घ्यायचा. त्याच्या नव्या मशीनवर हे झकास चालत होतं. आमच्या शाळेच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर मात्र पडद्यावर बांगडा आला आणि माझा आवाज ठासून म्हणाला, "मोरी." मग मोरी, म्हणजे लहान शार्क, आली, तर आवाज म्हणाला, "बांगडा." मुलं हसून हसून लोळली. मोरीचा आवाज बांगड्याच्या आवाजाआधी येऊन पोचला होता. ज्या क्रमाने मागवल्या त्याच क्रमाने फायली येतील, असं दादा धरून चालला होता. "आधी हाक मारलेलो आधीच येता, असा नसता गो," जेवताना तो इतकंच बोलला. त्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

त्यावरचा उपाय त्याला देवळात सापडला. गावच्या जत्रेला आम्ही बरोबर उभे होतो आणि गावातले जाणते देवाला गाऱ्हाणं घालत होते. एकेक मागणं देवापुढे मांडायचं, जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं, मग पुढचं मागणं. दादाने मला कोपराने ढोसलं. "बघ. 'होय म्हाराजा' कानार पडल्याबिगर ते फुडचा बोलणत नाय. माझो प्रोग्राम उत्तर आयकल्याशिवाय फुडे पळता." कुडाळला जाऊन त्याने सगळं नव्याने लिहिलं. प्रत्येक फाईल पूर्ण पोचली की तिने तसं कळवायचं, प्रोग्रामने कान देऊन बसायचं, आणि चित्र व आवाज दोघांचा होकार आला की मगच मासा दाखवायचा. तोवर किती आलं, किती यायचंय, तेवढं पडद्यावर दिसत राहायचं.

मी आपली गंमत म्हणून विचारलं होतं, "आणि कोणीच होय म्हाराजा म्हटलं नाही तर?" दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला की तुझ्या प्रश्नाने माझी झोप उडवली. आलेल्या फायलीचं काय करायचं ते त्याने लिहिलं होतं. न आलेल्या फायलीचं काहीच नाही. पुढे तो प्रोग्राम इंटरनेटवर गेला, आणि आमच्याकडे रेंज म्हणजे माडावर चढून शोधायची गोष्ट. अर्ध्या वाटेत फाईल हरवली की मुलं पडद्यावरच्या फिरत्या चक्राकडे बघत बसायची. दादाने त्या जागी साधं वाक्य टाकलं : 'हा आवाज येऊ शकत नाही. वाट पाहू नका. दुसरा मासा पाहू या?' मी म्हटलं, हे फार कोरडं आहे, 'थोडं थांबा' असं घाल. तेव्हा तो माझ्यावर चिडला. माझ्यावर चिडलेला मला तो तेवढाच आठवतो. "येवचा नाय ता येताहा म्हणान सांगणा म्हणजे पोरांक फसयणा. खरा सांग, ती फुडे जातली. नाय सांगलंस तर थयच बसान रवतली."

आजारपणातही तो तसाच राहिला. भेटायला येणारे "बरे होशाल, काळजी करू नका" म्हणायचे आणि तो नुसता मान हलवायचा. शेवटी त्याने डॉक्टरांना विचारलं, "मी उठणार नसेन तर तसं सांगा. नुसतं चक्र फिरवत ठेवू नका." डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी खरं ते सांगितलं. मी त्या दिवशी भेटायला गेले होते, मला रडू आवरेना. तो मात्र हलका झाल्यासारखा दिसला. वहिनीला त्याने कोणती फाईल कुठे आहे ते समजावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आयेक तुमी कोण सांगू नको. मीच सांगतलंय, घराक गेल्यार." तो घरी आला तेव्हा सांगण्यासारखा राहिला नव्हता.

आणि आम्ही काय केलं… मावशी विचारायची, "विशू कधी येतलो गो?" आम्ही म्हणायचो, "येतलो, तपासण्यो चालू आसत." बारावं-तेरावं झालं, तरी बोलायचं धाडस कोणालाच होईना. आज नको, तिचं ब्लडप्रेशर वाढलंय. आज नको, एकादशी आहे. मग हळूहळू तिने विचारणंच सोडलं. दादाचं नाव निघालं की ती उठून देवापुढे जाऊन बसायची. आम्हाला वाटलं, बरं झालं, तिचं मन दुसरीकडे लागलं.

महिना उलटल्यावर मी कुडाळला वहिनीकडे गेले. एका शाळेला माशांचा प्रोग्राम हवा होता, म्हणून वहिनीने माडीवरच्या खोलीत दादाचा कॉम्प्युटर लावला. पाऊस होता, इंटरनेट धड चालत नव्हतं. तिने पहिल्याच माशाला बोट लावलं, पडदा जरा वेळ रिकामा राहिला आणि ते वाक्य आलं. वाट पाहू नका. आम्ही दोघी एकमेकींच्या शेजारी उभ्या राहून ते वाचत होतो. वहिनीने कॉम्प्युटर बंद केला, छत्री घेतली आणि म्हणाली, "आयेक सांगूक होया गो. आजच."

जामसंड्याला उतरल्यावर आधी मावशीच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी गोळी दिली, लागलं तर मी जवळच आहे म्हणाले. घरात शिरताच मावशीची नजर वहिनीच्या मोकळ्या गळ्यावर गेली आणि तिथेच थांबली. तरीही मी तिचा हात धरून पूर्ण वाक्य बोलले. मनात दादाला म्हणत होते, तुझं काम करते आहे रे. "मावशी, विशूदादा गेलो. तो आता येवचो नाय."

"कधी?"

"म्हयनो झालो."

ती रडली नाही. वहिनीला तिने जवळ ओढलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग बोलली ती आम्हा कोणाशीच नाही. "आणि मी म्हयनोभर देवाफुडे बसान तेका गाळी घालीत होतंय… आवशीक एक फोन करूक होना नाय तेच्यान म्हणान."

दादाचा फोन वहिनीच्या पिशवीत होता. मावशीने तो मागून घेतला, पदराने पुसला आणि ओटीत ठेवला. "माझ्यार रागावलंस नाय मा रे बाबू?" तिने विचारलं, आणि मग तिला रडू फुटलं.

तो फोन आता तिच्या उशाशी असतो. चार्जिंग संपत आलं की ती मला हाक मारते.