दारापुरता रंधा

मानवजातीवरच्या अन्यायांची कधी कोणी यादी केलीच, तर तीत आमच्या न्हाणीघराच्या दाराला मानाचं स्थान मिळावं, अशी माझी नम्र मागणी आहे. खालापूरच्या पावसाळ्यात ते असं फुगतं की आत जाताना दोन्ही हातांनी ओढावं लागतं आणि बाहेर येताना खांदा देत देवाला हाक मारावी लागते. तालुक्यातले सुतार फार्महाऊसवाल्यांचे झोपाळे टांगण्यात गुंतलेले. एका दारासाठी कोण येतो?

गेल्या पावसाळ्यात आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि हा विनोद तिथेच संपला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "वॉकर सुटेपर्यंत झटका बसता कामा नये." आई दुसऱ्या दिवशी घरी येणार होती, आणि कडी लावल्याशिवाय ती न्हाणीघर वापरणार नाही हे मला ठाऊक होतं.

त्या दुपारी मी ठोंबरे बाईंच्या पडवीत जाऊन उभा राहिलो. ती आमची पहिली ओळख. बाईंनी शाळेत हयातभर सुतारकाम शिकवलं. मुलींच्याही हाती रंधा दिला तेव्हा काही पालक भांडायला आले. बाईंनी त्यांनाच पाट रंधायला बसवलं. तक्रार ढलप्यांबरोबर झाडली गेली, असं जुने लोक सांगतात.

फळीवर रंधे मांडलेले होते. मी सर्वांत लांब, लोखंडी रंधा उचलला.

"वरातीला घोडा निवडताय काय?" बाईंनी विचारलं. "रंधायचंय काय?"

"दार. कडीच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात घासतंय."

"मग हा कशाला? हा अख्खी कड सरळ करायला. तुमाला एवढासा उंचवटा काढायचाय." त्यांनी तळहाताएवढा लाकडी रंधा पुढे केला. "हा लागंल तिथंच चावतो."

"तुम्हीच याल का, बाई?"

बाईंनी दोन्ही हात पुढे धरले. बोटं थरथरत होती. "ह्या हातांनी आता चहापण बशीत सांडतो. रंधा मारायचा तुमी. मी तोंडानं रंधते."

आल्या, स्टुलावर बसल्या आणि खरंच तोंडाने रंधू लागल्या. "आधी बोट फिरवून बघा. मांजर नि लाकूड, उलटं कुरवाळलं की ओरबाडतं." पहिल्याच हाताला रंध्याचं पातं अडकलं. "पान लई बाहेर आलंय. मागं घ्या. हळू ठोका." मग पातळ साल निघू लागली, आणि मला भीतीपोटी हाव सुटली.

"थोडं जास्तच काढतो, बाई. पुन्हा अडकायला नको."

"थांबा. लाकूड आत्ता फुगलंय. आज सढळ हातानं काढाल, थंडीत ते आकसंल, मग कडी कोयंड्यात पोचायची नाय. आईंनी काय दार धरून बसायचं?"

"आणि उद्याच अडकलं तर?"

"ती भीती मलापण हाय," बाई म्हणाल्या. मग प्रत्येक हातानंतर दार एका बोटाने लावून, उघडून बघायला लावलं. ते एका बोटाने हललं तसं त्यांनी मला थांबवलं. माझं मन थांबायला तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई न बोलावता हजर. आई वॉकर घेऊन आत गेली. कडी लागली. पाण्याचा आवाज आला, थांबला, आणि मग काहीच नाही. बाईंनी माझं कोपर धरलं. कडी निघाली. दार हललं नाही.

"दाराला टेकून कोण उभं आहे?" आतून आई म्हणाली. "सरका की."

आम्ही दोघंही सरकलो. दार बोटाने उघडलं.

"ह्या तुमच्या लेकाला पण रंधा मारा जरा," बाई आईला म्हणाल्या. तेव्हापासून त्या मला शिकवताहेत. पंचाहत्तरी गाठणाऱ्या बाईंना अजून भरपूर पावसाळे लाभोत. त्यांचे गुडघे आकसू नयेत, डोळ्यांना लाकडाची रेषा दिसत राहो, आणि जिभेची धार काढायची वेळ कधी न येवो.

मागून आणलेला रंधा धार लावूनच परत करायचा, अशी सुतारांची रीत. धार मला जमेपर्यंत तो छोटा रंधा माझ्याकडेच राहिला होता. काल पान दगडावर घासून, अंगठ्याने तपासून, बाई घरी नसताना त्यांच्या फळीवर ठेवून आलो. पान खाली टेकू नये म्हणून कुशीवर निजवून.