गुहेतले किती आणि आमचे किती

माझं लग्न एका कुत्र्यामुळे जमलं आणि याला भरपूर साक्षीदार आहेत.

मी देवळाली कॅम्पात इतिहास शिकवतो. शबानाला बघायला गेलो तो शुक्रवार होता. दर शुक्रवारी तिचे अब्बा कुरआनातला गुहेचा अध्याय, सूरह कहफ, वाचतात. मग जाडजूड तफसीर, म्हणजे भाष्यग्रंथ, उघडून गुहेत तीनशे वर्षं झोपलेल्या तरुणांची गोष्ट समजावतात. (गोष्ट हा माझा शब्द. त्यांच्या लेखी तो घडलेला इतिहास!) कोणत्या राजाला भिऊन ती मुलं पळाली, कोणाचं नाव काय, त्यांचा कुत्रा कितमीर उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून कसा बसला, सगळं ते त्या दिवशीही शेजाऱ्यांबद्दल सांगावं तसं सांगत होते.

शबाना मला फोटोतच आवडली होती, पण होकार अब्बांच्या हातात. म्हणून मी जोरजोरात मान हलवत होतो. तिथंच फसलो.

"सर, तुम्ही इतिहासवाले. गुहेत किती जण होते?"

जित्याची खोड! मी विचारलं, "याला समकालीन पुरावा काय?" शेजारी बसलेल्या माझ्या अम्मीने मला चिमटा काढला.

अब्बा शांतच होते. अमक्याने तमक्याकडून ऐकलं, तमक्याने पैगंबरांच्या सोबत्याकडून, अशी अख्खी साखळी त्यांनी सांगितली आणि तुमच्या पाठ्यपुस्तकात एवढी नावं देतात का, असं विचारलं. देत नाहीत. घाबरून मी पलटी मारली.

"सात! आठवा कुत्रा. शंभर टक्के!"

अब्बांनी ग्रंथ मिटला. "कोणी तीन म्हणतं, कोणी पाच. बहुतेक आलिम-विद्वान सात म्हणतात, मीही तेच मानतो. पण खरी संख्या अल्लाहलाच ठाऊक, असं कुरआनच्या आयतीतच आहे. हे शंभर टक्के तुम्ही कुठून आणलंत?"

म्हणजे शंका घेतली तरी चूक आणि खात्री दिली तरी चूक! अम्मी ओढणी सावरून उठायच्या बेतात होती.

"बरं, तुम्ही किती जण आलात?" अब्बांनी विषय बदलला.

पाच, मी म्हणालो. फोनवरही तेच कळवलं होतं. त्यांनी मोजले तर सात. विंचूरचे मामू-मामी ऐनवेळी टेम्पो घेऊन आले होते, हे मी गोंधळात विसरलोच. मग अब्बांची नजर दाराकडे गेली. मामूंच्या कांदे साठवायच्या चाळीवर राखण करणारा कुत्रा टेम्पोतून उतरून उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून गाढ झोपला होता.

"गरीब हाय तो," मामू ओशाळून म्हणाले. "आत नाय यायचा."

अब्बा बघतच राहिले. मग पहिल्यांदाच हसले आणि आतून मिठाई मागवली.

आता दर शुक्रवारी ते आमचीही हकीकत सांगतात. कुत्र्याचं नाव, रंग, बसण्याची जागा, सगळं अचूक. माझ्याबद्दल मात्र 'सोबत एक सर होते' एवढीच नोंद आहे.