बंदूक घरी नको

त्याची-माझी साधी ओळख होती तोवरचा शेवटचा चहा आम्ही कचेरीसमोरच्या टपरीवर प्यालो. हा बंदुकीच्या परवान्यांचा बाबू. चहा बशीत ओतायचा, पण नजर कागदावर. एकेका ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचा. मी परवाना नवा करायला जाई तेव्हा मला वाटे, खडूस आहे.

शेतात डुकरं हाकायची माझी बंदूक मी मौद्याच्या, बंदुकीचा परवाना असलेल्या एकाला विकली आणि लगेच देऊन टाकली. स्टॅम्पपेपर झाला म्हणजे काम झालं, असं समजलो. त्या चहाच्या वेळी बाबूला हे सांगितलं.

"काकाजी, उलटं केलं तुम्ही. आधी अर्ज, मंग हत्यार. वापस आणा, मंजुरी येईपर्यंत घरी ठेवा."

"घरी नाही ठेवत गा."

"काहून?"

"बुढी मेल्यापासून एकटा हावो. हात बंदुकीवर जाते माहा. भरोसा नाही राहिला."

त्यानं मान वर केली. इतक्या वर्षांत त्याचे डोळे मी तेव्हाच पाहिले. अर्धा चहा टाकून तो कचेरीत गेला. मला वाटलं, आता पोलीस येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदनवन वस्तीत माझ्या दारी तोच आला, स्कूटरवर. बंदूक पोलीस ठाण्यात जमा ठेवायचा अर्ज स्वतः लिहून आणला होता. मला मागं बसवून मौद्याच्या ठाण्यात नेलं. विकत घेणारा बंदूक घेऊन तिथं आला, तसा मी हात पुढं केला. बाबूनं तो धरला.

"तुम्ही फक्त पावती घ्या, काकाजी," म्हणाला.