शांताआत्याचा दुखवटा

शांताआत्या तिच्या सासरच्या गावाहून, बीबीहून, आमच्या चिखलीच्या घरी आली, की पायरीवरूनच बाबांवर तोंड सोडायची. "दाम्या, काऊन बे इतका वाळला? बायको जेवाले देत नाही का?" बाबा निवृत्त मुख्याध्यापक, अख्खी गल्ली त्यांना सर म्हणायची. पण आत्या चार वर्षांनी मोठी, तिच्यासाठी ते 'बे'च. आतून आई म्हणायची, "वाढतो तं खरं. अंगाले लागत नाही, त्याले मी काय करू?" बाबा हसत आत्याची पिशवी घ्यायचे.

बाबा गेले तेव्हा आत्या आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. भेटायला येणारे आईजवळ बसत, माझ्या खांद्यावर हात ठेवत. आत्या त्यांच्यासाठी चहा करी. एका बाईंनी तिला विचारलं, "तुम्ही सरांच्या मोठ्या बहीण ना? मले बिनसाखरेचा द्या."

तेराव्याला दुखवट्याचे कपडे झाले. ते अंगावर चढले की शोक संपला, माणूस कामाला मोकळा, अशी आमच्याकडची रीत. मामांनी आईला साडी आणली, माझ्या सासऱ्यांनी मला टोपी घातली. आत्यासाठी कोणीच काही आणलं नाही. तिचं यायचं ते माहेरून, आणि तिचं माहेर म्हणजे बाबाच. मी चुलतकाकांना विचारलं.

"लेकीले कायचा दुखवटा? तिचं सुतक तीन दिवसांचं. ते कवाच फिटलं."

हिशेब चुकलेला मला खपत नाही. आईची बाबांसोबत सत्तेचाळीस वर्षं, माझी पंचेचाळीस, आत्याची अडुसष्ट. जिची वर्षं सगळ्यांत जास्त, तिला दिवस सगळ्यांत कमी. हे बोलून दाखवलं, तर काका म्हणाले, "रीतीले गणित शिकवून राह्यला का बे?" पंगत हसली.

मी तडक बाजारातून लुगडं आणलं. आत्यानं पदर चिमटीत धरला. "रंग जाईन याचा. केवढ्यात फसला?" आणि घडी परत दिली.

त्यानंतर ते लुगडं घेऊन मी तीनदा बीबीला गेलो. तिन्ही वेळा ते परत आलं. आत्या अंगावरचं विरलेलंच नेसत होती, आणि मी रजा काढून एसटीत हेलपाटे घालत होतो. शेवटच्या वेळी माझा तोल गेला. "रंग नको तर दुसरं आणतो. पण आत्या, एकदाचं नेस ना."

"रंग चांगला हाये रे," ती म्हणाली. तिनं पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "तुह्या मायनं साडी नेसली, तू टोपी घातली. तुमचा माणूस तेरा दिवसांत गेला. माहा दाम्या अजून जाऊनच राह्यला."