कुंताबाईला न येणारा वास

एकोडीच्या कुंताबाईच्या हाताला चूक माहीत नव्हती. डुकराचं नर पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की ती ते मांडीत दाबायची, ब्लेडने दोन चिरा, दोन्ही अंडं बाहेर, वर हळद, कानाला खाच. खाचेचं डुक्कर म्हणजे खच्ची केलेलं. साकोलीचा खाटीक मंगरू तेवढं पाहूनच उचलायचा.

एका पिल्लाचं एकच अंड हाताला लागलं. "एकाच अंडाचा दिसते," म्हणत तिने तेवढं काढलं आणि खाच पाडली. मोठं झाल्यावर ते तोंडाला फेस आणायचं, माद्यांवर चढायचं. तिला ती मस्ती वाटली.

ते डुक्कर कापल्याच्या दुसऱ्या दिवशी मंगरू मटणाची पिशवी घेऊन परत आला.

"शिजवलं का मुतारीवानी वास येते, बाई. चार घरचे लोकं भांडून गेले."

कुंताबाईने पिशवीत नाक घातलं. "मले तं काहीच नाही येत. सर्दी झाली असन त्याइले."

"चारही घराले एकदम?"

तिने रागाने चरबीचा तुकडा तव्यावर टाकला. धूर निघताच तिची सून रक्षा नाकाला पदर लावून आली. "आई, उतरवा थे! मले ओकारी येते."

कुंताबाई तव्यावर आणखी वाकली. डोळ्यांना पाणी आलं. वास नाही.

तिने जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला.

"मावशी, दुसरं अंड पोटात राहिलं असेल," तो म्हणाला. "आत राहूनही ते नराची हार्मोन्स बनवतं. त्यांच्यासोबत बनणारं वासाचं द्रव्य चरबीत साठतं, आणि तापलं की सुटतं."

"मंग मलेच काहून येत नाही?"

"काही माणसांना तो वास जन्मापासूनच येत नाही."

फोन ठेवताना तिला आठवलं. याआधीही दोघा-तिघांनी वासाची तक्रार केली होती. त्यांना तिने खोटारडे म्हणून अंगणातून हाकललं होतं. त्यातलं खरं कोण होतं, हे आता कळायला मार्ग नव्हता. ब्लेड चालवणाऱ्या हाताला दोष देता आला असता. न येणाऱ्या वासाचं काय करायचं?

"माल घेईन," मंगरू म्हणाला, "पण आता खाचेवर नाही. कापल्यावर चरबी तापवीन, अन् पहिला वास या सुनबाईनं घ्यायचा."

"घेईल ना थे," कुंताबाई म्हणाली. "मी सांगतो तिले."

"घेईन," रक्षा दारातूनच म्हणाली. "पण मी नाही म्हटलं, का नाही. मंग तुमी मधात बोलायचं नाही, आई."

या घरात कुंताबाईला असं कोणी बोललं नव्हतं. मंगरू खाली पाहत होता. तिने जळता तवा मोरीत आदळला.

"बरं," म्हणाली.