दोनदा मामा

लोक त्याला मामा म्हणायला लागले तेव्हा त्याला भाचा नव्हता की भाची नव्हती. बहिणीचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं. हे नाव त्याला नात्याने नाही, एका गोलाने मिळालं.

तेव्हा तो गावच्या आइस हॉकी संघाचा गोलकीपर होता, आणि चांगला होता. शेवटचा सामना, दोन्ही संघांची बरोबरी. समोरच्या संघातला एक खेळाडू दमला होता. बदली खेळाडू आत धाडून बाकावर जाऊन बसता यावं म्हणून त्याने पक, म्हणजे ती खेळायची रबरी चकती, मैदानाच्या मध्यातून नुसती पुढे ढकलून दिली. चकती इतकी सावकाश आली की वाटेत थांबून चहा पिऊन आली असती तरी चाललं असतं. याने काठी बर्फावर टेकवली. चकतीने ऐनवेळी टुणकन उडी मारली आणि याच्या दोन पायांमधून जाळीत गेली. क्षणभर हसावं की रडावं तेच कोणाला कळेना. मग गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "मामा बनवला रे, मामा!" आणि ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

त्यावर कडी म्हणजे, पुढे त्याच्या ताईने लग्न केलं ते त्याच दमलेल्या खेळाडूशी. त्यांना मुलगी झाली. "एकाच माणसाने मला दोनदा मामा बनवलं," असं तो स्वतःच सांगायचा, लोक हसायच्या आत. आपणच आधी हसलं की बाकीच्यांना हसायला फारसं उरत नाही, हे त्याचं साधं गणित होतं.

पोटापाण्यासाठी तो चष्म्याच्या दुकानात होता. काचा घासायच्या, फ्रेमच्या मापात बसवायच्या, गिऱ्हाइकाच्या कानामागे दांडी टोचते का ते बघायचं. "काय मामा, स्वतःचे डोळे तपासलेस का?" हा विनोद त्या दुकानात इतक्यांनी केला होता की आता करणाऱ्यालाही त्याचं हसू येत नसे.

त्या सामन्यानंतर गुडघ्याचं कारण सांगून त्याने स्केट्स माळ्यावर टाकले. पण खेळ काही सुटेना. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन तो खेळाडूंच्या मनाचं शास्त्र शिकला आणि क्लबात मनाचा कोच म्हणून रुजू झाला. हे काम त्याला खरंच येत होतं, त्यात खोट काढायला जागा नाही. बेकरीत काम करणारा एक तापट गडी होता. रेफरीने शिट्टी मारली की काठी आपटायचा. मामाने त्याला सांगितलं, शिक्षेच्या बाकावर बसलास की मनातल्या मनात पीठ मळ. तो मळायला लागला आणि शांत डोक्याने परत येऊ लागला. गोलकीपरांसाठी मामाचा मंत्र वेगळा होता. गोल झाला की पाणी प्यायचं, जाळीच्या दोन्ही खांबांना हात लावायचा, मैदानाभोवतीच्या काचेवरचा एक ठिपका पकडायचा आणि म्हणायचं, "गेला." ओल्या हातमोज्यांच्या वासाने भरलेल्या खोलीत उभं राहून तो विचारायचा, "सुटलेल्या गाडीला हात करून ती थांबते का रे? मग सुटलेल्या गोलाला कशाला हात करायचा?" पोरं माना डोलवायची. हा माणूस बूट घालून रबरी चटईवर उभा राहून शिकवतो, बर्फावर कधी पाऊल ठेवत नाही, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

भाची मोठी झाली आणि नेमकी गोलकीपर झाली. मामाने तिला सांगितलं नव्हतं, दाजींनी तर नव्हतंच नव्हतं. रक्तातच असेल म्हणायचं, दुसरं काय. वीस वर्षांची होईपर्यंत ती महिलांच्या पहिल्या संघात पोचली. उपांत्य सामन्यात मात्र तिच्या हातमोज्याखालून एक अगदी सोपा गोल सुटला. सामना त्यांनी जिंकला, पण पोरगी बिथरली. सरावात प्रत्येक फटक्यानंतर मान वळवून जाळीत बघायला लागली, चकती हातात असली तरी. संघाच्या कोचबाई सडेतोड होत्या. "रविवारी फायनल आहे," त्या मामाला म्हणाल्या. "तिचं डोकं ठिकाणावर आण, नाहीतर मी दुसरीला उभी करते. वाईट वाटून घेऊ नकोस."

मामाने सगळे उपाय केले. पाणी झालं, खांब झाले, ठिपका झाला. ती सगळं तंतोतंत करायची आणि पुन्हा मागे बघायची.

शुक्रवारी संध्याकाळी ताईकडे सगळे जेवायला बसले असताना भाचीने पॅडची बॅग दाराशी आणून ठेवली. "ही कोणाला हवी असेल तर द्या," ती म्हणाली. "मी सोडतेय. रविवारचं नाही, सगळंच."

ताईचा हात पातेल्यातच राहिला. दाजी समजूत घालायला पुढे झाले. त्यांची समजूत म्हणजे आगीत तेल. "अगं, एका गोलाने काय होतं? मामाला बघ. मी त्याला काय गोल मारला होता! तरी बसलाय की जेवत."

"बाबा, तो मारलात तेव्हा याचा चेहरा कसा झाला होता?"

"मला काय माहीत? मी कुठे बघितला!" दाजी म्हणाले. "मी चकती ढकलली आणि बाकाकडे वळलो. ओरडा झाला म्हणून विचारलं, काय झालं रे? तेव्हा कोणीतरी सांगितलं, तूच मारलास."

"अहो, मग इतकी वर्षं छाती फुगवून सांगताय ते?" ताई म्हणाली.

"सगळे सांगतात म्हणून मीही सांगतो. मला त्या सामन्यातलं आठवतं ते वेगळंच. रिकामी जाळी समोर होती आणि मी फटका बाहेर मारला. ते कोणी काढत नाही म्हणून बरं."

मामाचा घास तोंडातच राहिला. आधी त्याला राग आला, चांगला सणसणीत. इतकी वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर तो गोल यायचा आणि गोलामागे दाजींचा हसरा चेहरा यायचा. त्या हसण्याने त्याची झोप उडवली होती. आणि हे गृहस्थ तेव्हा पाठ करून उभे! ते हसणं त्याने स्वतःच रंगवलं होतं. राग ओसरल्यावर त्याला स्वतःची फार कीव आली. भाचीकडे बघायचा त्याला धीर होईना.

शनिवारी सकाळी दाराशी पडलेली ती बॅग खांद्यावर टाकून तो तिला जवळजवळ ओढतच रिंकवर घेऊन गेला. कोणी आलेलं नव्हतं. बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र तेवढं गोल गोल फिरत होतं. दोघं बाकावर बसली.

"तुम्हा सगळ्यांना मी 'गेला' म्हणायला लावतो ना?" मामा म्हणाला. "माझा गेला नाही गं."

"म्हणजे?"

"म्हणजे तो गोल. काच घासताना येतो, दात घासताना येतो. गुडघाबिडघा काही दुखत नव्हता माझा. भीती वाटली म्हणून पुन्हा उभा राहिलो नाही. न विसरता उभं राहता येतं का, ते मला माहीत नाही. मी कधी करूनच बघितलं नाही."

 भाची भोकाड पसरून रडली आणि हातमोज्याने त्याच्या दंडावर एक ठेवून दिली. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुला? मी काय गोलासाठी सोडत होते? मला वाटायचं, मामा एवढा मोठा गोल विसरला, आणि त्याच्या भाचीला एवढासा विसरता येत नाही. तुझ्यासमोर जाळीत उभं राहायची लाज वाटत होती मला!"

  मामाने बॅग उघडली, पॅड काढले आणि खाली बसून तिच्या पायांना बांधायला लागला. तिने ते बांधू दिले.

रविवारी तिने पाण्याची बाटली उचलली नाही की खांबांना हात लावला नाही. पहिला गोल झाला तेव्हा ती वळली, जाळीत पडलेल्या चकतीकडे नीट बघितलं, काठीने ती रेफरीकडे सरकवली आणि पुन्हा वाकून उभी राहिली. पुढचे फटके अडवले, मग एक सुटला, मग पुन्हा अडवले. संघ एका गोलाने हरला आणि ती सगळ्यांदेखत रडली.

एरवी आपल्या जाळीत गोल झाला की बाकामागे उभा असलेला मामा बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचा. नाडी कधी सुटलेली नसायची. पोरांना वाटायचं, काय माणूस आहे, गोल झाला तरी शांतपणे नाडी बांधतो! त्या रविवारी तो एकदाही वाकला नाही. प्रत्येक गोलानंतर भाचीने मान वर केली, तेव्हा तो तिच्याकडेच बघत उभा होता.